अडथळ्याचा रकाना

गरुडाक्ष पक्षीनिरीक्षण आणि वन्यजीव संरक्षण मंडळाची मी चौदा वर्षं चिटणीस होते. या चौदा वर्षांत आम्ही पुष्कळ पक्षी पाहिले, त्यांची नावं लिहिली, आणि संरक्षण म्हणाल तर थर्मासमधल्या चहाचं केलं. रविवारी पहाटे क्रांती चौकात जमायचं, टोप्या घालायच्या, दुर्बिणी गळ्यात अडकवायच्या आणि जीपनं शहराबाहेर जाऊन, जे लोक तिथं जन्मभर राहतात त्यांना हळू बोला म्हणून दटावायचं, हे आमचं कार्य.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. वाळूजच्या बाजूला कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की देऊ नये, यावरून अठ्ठ्याहत्तर साली घरं जळाली होती, माणसं मेली होती, आणि तो प्रश्न अजून मिटलेला नव्हता. मंडळाच्या नोंदवह्यांत यातलं काही सापडायचं नाही. आमचे अध्यक्ष मधुसूदन सर, म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वन्यजीव सप्ताहाच्या भाषणात दर वर्षी न चुकता सांगायचे की पक्ष्यांना जात नसते. लोक टाळ्या वाजवायचे. सभागृहातले झाडून सगळे आमच्याच आळीतले असत, हे काही कुणाच्या ध्यानात येत नसे. मीही जोरात वाजवायचे.

आमच्यातला खरा डोळा होता पुंजारामचा. पुंजाराम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात परिचर होता. सरांना दुर्बिणीतून धूळ दिसायची तेव्हा पुंजारामला नुसत्या डोळ्यांनी चंडोल दिसायचा, नर की मादी तेही कळायचं. तरी चौदा वर्षं तो मंडळाचा सभासद नव्हता. त्याच्यासाठी सरांनी ‘मानद साहाय्यक’ असं पद काढलं होतं. मानद साहाय्यकानं स्टँड आणि दुर्बीण उचलायची, पक्षी दाखवायचा आणि बाजूला व्हायचं. नोंद सरांच्या नावावर व्हायची, कारण आमच्या नियमाप्रमाणे दोन सभासदांनी पाहिल्याशिवाय पक्षी दिसला असं धरत नसत. मी येण्याआधीची एक जुनी वही माझ्याकडे आहे. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी तिच्यात सरांनी लिहिलंय, ‘साहाय्यक गैरहजर.’ त्या आठवड्यात गावाकडे त्याच्या बापाचं घर पेटवलेलं होतं. पुढच्या रविवारी तो आला, त्यानं स्टँड उचललं, आणि कुणी त्याला काही विचारलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही टेकाळवाडीच्या माळावर जात असू. गंगापूर रस्त्यावरून आत वळलं की हा माळ लागायचा. झाड नाही, झुडूप नाही, गुडघ्याच्याही खाली राहणारं गवत आणि मुरूम. अडाण्याला वाटावं इथं काय आहे. तिथं धाविक होता. टिटवीएवढा, मातकट-पिवळा, लांब पायांचा पक्षी. उडण्यापेक्षा पळणं पसंत करणारा. धाविकासाठी पुण्यामुंबईचे लोक सरांना पत्रं लिहायचे. ती पत्रं सर खिशात बाळगायचे आणि चहाच्या वेळी बाहेर काढायचे.

माळावर केरबाची मेंढरं असत. केरबा आणि त्याची बायको बानाबाई, दोघं धनगर, माळाच्या कडेला त्यांचा वाडा म्हणजे काट्याचं कुंपण आणि दोन झोपड्या. केरबाचा आजाही याच माळावर मेंढरं चारत होता. धाविकाला केरबा ‘पळणारी पिवळी’ म्हणायचा. ती कुठं अंडी घालते, हे त्याला पाठ होतं. ती घरटं करत नाही, उघड्या मुरमावर अंडी घालते. केरबाला अंडी दिसली की तो चार दगड भोवती मांडायचा आणि कळप तिथून वळवायचा. आम्ही आलो की हातातल्या काठीनं लांबून दाखवायचा. आम्ही घोळका करून जायचो, फोटो काढायचो, अर्धा तास अंड्यांवर सावल्या पाडायचो, आणि मग मी वही उघडायचे.

वहीत सात रकाने होते. तारीख, वेळ, हवामान, पक्षी, संख्या, निरीक्षक आणि शेवटचा, अडथळा. निरीक्षणात कशानं व्यत्यय आला ते त्यात लिहायचं. सर सांगायचे आणि मी सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘मेंढ्या, सुमारे दीडशे, केरबा, सकाळी सहा ते नऊ.’ बारा वर्षं दर महिन्याला मी हेच लिहिलं. ज्या माणसानं पक्षी दाखवला तो शेवटच्या रकान्यात जायचा आणि ज्याच्या टाचेखाली एकदा अंडं फुटलं तो निरीक्षकाच्या. टाच मुकुंदरावांची होती. मुकुंदराव म्हणजे आमचे उपाध्यक्ष, बँकेत मोठे अधिकारी. त्या दिवशीही अडथळ्यात मेंढ्याच लिहिल्या गेल्या.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात टेकाळवाडीच्या चावडीवर नोटीस लागली. औद्योगिक वसाहत वाढवायला सरकारला गायरानाचा माळ हवा होता. नोटीस पुंजारामनं केरबाला वाचून दाखवली आणि दोघं ती घेऊन माझ्याकडे आले. मी कन्याशाळेत विज्ञान शिकवत होते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातच आम्ही बोललो. नोटिशीत सरळ लिहिलं होतं की माळाचा जो भाग चराईसाठी नियमित वापरात असल्याचं लेखी पुराव्यानं सिद्ध होईल, तेवढा वगळण्यात येईल. हरकत घ्यायची शेवटची तारीख दहा जानेवारी.

केरबाकडे लेखी काय असणार? सातबारा नाही, पावती नाही. बाप तिथं मेला याचाही कागद नाही. तलाठ्यानं त्याला हसून वाटेला लावलं होतं. तेव्हा पुंजाराम मला म्हणाला, ‘मॅडम, कागद तुमच्यापाशी हाय. अडथळ्याचा रकाना बघा.’

मी त्या संध्याकाळी वह्या काढून बसले. खरंच होतं. बारा वर्षांचा हिशोब माझ्याच अक्षरात. तारीख, वेळ, किती मेंढ्या, कुणाच्या. खाली सभासदांच्या सह्या, त्यात एक निवृत्त प्राध्यापक, एक बँक अधिकारी. आम्ही केरबाला बारा वर्षं नाक मुरडलं, आणि नाक मुरडता मुरडता त्याचा माळ त्याच्या नावानं लिहून ठेवला. एवढं एक चांगलं काम आमच्या हातून झालं होतं, तेही नकळत.

काम दहा मिनिटांचं होतं. मंडळाच्या लेटरहेडवर हरकतीचा अर्ज, सोबत वह्या. केरबाचा अर्धा माळ वाचला असता आणि धाविकही. सव्वीस डिसेंबरच्या बैठकीत मी विषय मांडला. सरांनी माझं कौतुक केलं, हा मंडळाच्या इतिहासातला सोनेरी क्षण आहे म्हणाले, आणि मला लेटरहेड आणायला सांगितलं.

लेटरहेड संपलं होतं. नवीन छापायला टाकायचं होतं. जुन्यावर पत्ता होता, ‘मराठवाडा विद्यापीठ परिसर, औरंगाबाद’. मंडळाची खोली विद्यापीठाच्या आवारालगत होती म्हणून पूर्वी कधीतरी तो तसा छापला होता. मी म्हटलं, तोच पत्ता टाकू. सरांनी चष्मा काढला.

त्या दिवसांत शहर तापलेलं होतं. रोज मोर्चे निघत होते, नामांतराचा निर्णय आता होतोय की मग होतोय अशी हवा होती. सर म्हणाले की जुनं नाव छापलं तर आपण नामांतराच्या विरोधात आहोत असा अर्थ निघेल, आणि नवं छापलं तर आपण बाजूनं आहोत असा. मंडळ कुणाच्याच बाजूचं नाही. मुकुंदराव म्हणाले की मराठवाडा हे नाव काढायला त्यांचा जीव गेला तरी ते सही देणार नाहीत, ही आमची अस्मिता आहे. कुणीतरी सुचवलं, नुसतं ‘विद्यापीठ परिसर’ छापू. त्यावर अर्धा तास चर्चा झाली की नुसतं विद्यापीठ हेही एक मतच नाही का. मग ‘प्राणिशास्त्र विभागाच्या मागे’ असा पत्ता निघाला. तो अशोभनीय ठरला. चहा झाला आणि बैठक पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एकही माणूस केरबाचं नाव घेत नव्हता. सरकारी कचेरीतला कारकून आमच्या लेटरहेडवरचा पत्ता वाचून नामांतरावर मत बनवणार आहे, अशा थाटात ही शिकलेली माणसं कपाळाला आठ्या घालून बसली होती. पुंजाराम दाराजवळच्या स्टुलावर होता. साहाय्यकाला मत नव्हतं. तो उठला आणि म्हणाला, ‘सर, साध्या कागदावर लिवा. अर्जाला पत्ता नसला तरी चालंल. नायतर माळ जाईल.’

सरांनी त्याला शांतपणे समजावलं की संस्थेला प्रतिष्ठा असते, साधा कागद म्हणजे कुणाही सोम्यागोम्याचा अर्ज. मुकुंदराव हसून म्हणाले की पुंजारामला तर नवं नाव हवंच असणार. पुंजाराम त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, ‘व्हय, हवंय. सोळा वर्सं झाली, हवंय. पण ते मी रस्त्यावर मागतो. तुमच्या लेटरहेडावर नाय मागत.’ आणि तो निघून गेला. स्टँड तिथंच कोपऱ्यात राहिलं. सर त्यावर एवढंच म्हणाले की अलीकडे या लोकांना बोलण्याचा पोच राहिलेला नाही. माझी मान थोडी हललीसुद्धा असेल.

नऊ जानेवारीच्या बैठकीला चारच जण आले. शहरात बंदोबस्त होता. गणपूर्ती नाही म्हणून सरांनी विषय पुढच्या रविवारवर टाकला. मी म्हटलं, सर, उद्या मुदत संपतेय. ते म्हणाले, सरकारी मुदती वाढत असतात, अंबिकाबाई. मग त्यांनी उद्याचा बेत सांगितला. पैठणच्या धरणावर रोहित पक्षी उतरले होते आणि ते पहाटेच निघणार होते.

दहा तारखेला सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला दार वाजलं. पुंजाराम होता. फाटकापाशी खांद्यावर घोंगडी टाकून केरबा उभा. बानाबाई त्याच्या मागं, हातात भाकरीचं फडकं. दिवसभर कचेरीत बसावं लागलं तर म्हणून आणलेलं. पुंजारामनं साध्या कागदावर अर्ज लिहिला होता. त्याचं अक्षर बाळबोध होतं, मजकूर मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ. खाली केरबाचा अंगठा.

‘मॅडम, फकस्त वह्या द्या,’ तो म्हणाला. ‘क्रांती चौकात झेरॉक्स काढतो अन् दोन तासांत आणून देतो. पाहिजे तर तुमी संगट चला.’

वह्या माझ्या कपाटात होत्या. किल्ली माझ्या कमरेला. मंडळाच्या घटनेत अकरावं कलम होतं, की नोंदवह्या अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत. ते कलमही मीच लिहून काढलं होतं. मी पुंजारामला कलम सांगितलं. सरांना फोन लावते म्हटलं आणि लावलाही, त्यांच्या सुनेनं सांगितलं की ते पाचलाच पैठणला गेले. मी बाहेर येऊन तसं सांगितलं. संध्याकाळी आल्यावर विचारते म्हटलं. कचेरी पाचला बंद होते, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

पुंजाराम वाद घालत बसला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी कपाटाकडे. खरं सांगायचं तर कलमाची मला काही पडली नव्हती. सर रागावतील, चिटणीसपद जाईल, पुढच्या वन्यजीव सप्ताहात व्यासपीठावर मला कुणी बोलावणार नाही, एवढीच भीती. सेहेचाळीस वर्षांची, दोन पदव्यांची, पोरींना न घाबरता प्रश्न विचारा म्हणून शिकवणारी बाई, आणि घाबरली कशाला, तर एका म्हाताऱ्याच्या भुवयांना. मला आजही त्या बाईची किळस येते.

ते गेले. अर्ज त्यांनी तसाच दिला. कारकुनानं घेतला आणि वर शेरा मारला, ‘वापराचा पुरावा जोडलेला नाही.’ बानाबाईनं आणलेल्या भाकरी त्यांनी कचेरीच्या पायरीवर बसून खाल्ल्या आणि दुपारच्या एसटीनं ते परत गेले. हे मला पुंजारामकडून पुढं कळलं.

शुक्रवारी, चौदा जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी निर्णय जाहीर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. रस्त्यावर माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. पुंजाराम मला गर्दीत लांबून दिसला. त्याच्या कपाळावर निळा गुलाल होता आणि त्यानं म्हाताऱ्या आईला हाताला धरलं होतं. मी त्याला हाक मारायला धजले नाही.

रविवारी आमची बैठक भरली आणि गणपूर्ती भरभरून झाली. लेटरहेडचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. दोन्ही नावं एकत्र आल्यामुळे कुणाचीच बाजू घेण्याची वेळ आली नाही, हा किती मोठा दिलासा आहे, असं सर म्हणाले. आपण घाई केली नाही हेच बरं झालं, असंही म्हणाले. मुकुंदरावांनी सही केली. त्यांची अस्मिता दोन दिवसांत सरकारी राजपत्राइतकी लवचीक झाली होती. हरकतीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. सरांनी मला वह्या नेण्याची लेखी परवानगी दिली, नव्या लेटरहेडचं प्रूफ होतं त्याच्यावरच.

वीस तारखेला मी कचेरीत गेले. कारकून मध्यम वयाचा, सभ्य माणूस होता. त्यानं वही उघडली, पानं उलटली, मग खुर्चीत सरळ बसला. अडथळ्याच्या रकान्यावरून त्याचं बोट खाली खाली सरकत गेलं. बारा वर्षं, दर महिन्याला, म्हणाला. असा पुरावा मी कुठल्याच गायरानाचा बघितलेला नाही. मग त्यानं वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि सांगितलं की गेल्या आठवड्यात सोमवारी मुदत संपली, बुधवारी पडीक जमीन म्हणून अहवाल वर गेला, आता त्याच्या हातात काही नाही. धनगर आला होता बिचारा, तो म्हणाला. त्याच्याबरोबर हे का पाठवलं नाहीत? मी म्हटलं, मंडळाची काही अडचण होती. त्यानं मान हलवली. मंडळांच्या अडचणी त्याला माहीत असाव्यात.

टेकाळवाडीला मी एकटी एसटीनं गेले. माळावर खुणेचे खांब रोवलेले होते. वाड्याचं काट्याचं कुंपण उपसून झालं होतं आणि केरबा घोड्यावर बिऱ्हाड लादत होता. कन्नडच्या घाटाकडे बायकोच्या भावाचा वाडा होता, तिकडे निघालेत म्हणाला. तिथंही चराईची मारामारच, पण सध्या टेकायला जागा. निम्मी मेंढरं त्यानं सिल्लोडच्या बाजारात विकली होती. मी आलेली पाहून त्यानं घोंगडी पसरली. मी बसले नाही.

‘बाई,’ त्यानं विचारलं, ‘तुमच्या नावाचं ठरलं का मग? पुंजाराम सांगत व्हता, नावापायी आडलंय म्हणून.’

मी म्हटलं, ठरलं.

‘बरं झालं,’ केरबा म्हणाला. ‘पुंजारामनं लई वाट बघितली.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच पुंजारामसाठी खूश होता. मला वाटलं, यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बानाबाई गाडगी पोत्यात भरत होती. तिनं तोवर माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. आता तिनं हातातलं गाडगं खाली ठेवलं.

‘आमी तुमच्या दारात आलो त्या रोजी वह्या घरातच व्हत्या नव्हं?’

‘होत्या.’

‘मग दिल्या का नाय?’

परवानगी नव्हती, असं मी म्हटलं. माझ्या पिशवीत ती परवानगी आता होती, सरांच्या सहीची.

‘कुणाची?’ बानाबाईनं विचारलं.

तिला खरंच समजून घ्यायचं होतं. माळ तिचा, मेंढरं तिची, वही माझ्या हातची, कपाट माझं, किल्ली माझी. यात तिसरं माणूस कुठून आलं, हे तिला कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत थांबली.